आमच्याच पोरांनी राखलेला आड

जिनिंगच्या मुनिमाच्या बायकोनं माझ्या घागरीला लाथ मारली. घागर रिकामीच होती. गडगडत गेली आणि दगडावर फुटली. मी आडापासून दहा हात लांब बसले होते. कुणी दया येऊन वरून पाणी ओतेल म्हणून सकाळपासून वाट बघत होते. तरी माझी सावली तिच्या दोरावर पडली म्हणे.

"गाव सोडलं म्हणून जात सुटती व्हय?" ती म्हणाली.

हे निजामाच्या राज्यातलं. पुसेगावचा महारवाडा सोडून आम्ही हिंगोलीला स्टेशनामागच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला आलो होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मीच त्याला भरवून वाढवलं. गावात बाप दिसेल त्या पाटलापुढं वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचा. शहरात तसं वाकावं लागणार नाही, एवढ्या एका आशेवर आम्ही आलो होतो. आशेला काय, ती फुकट असते.

जिनिंगमागची वस्ती नवी. दहा गावांची माणसं, कोण कुणाचं नाही. ना पंचायत, ना चार शब्द सांगणारं म्हातारं माणूस. तक्रार करायची कुणापाशी? चौकीवरचा शिपाई मुनिमाच्याच ओट्यावर चहा पीत बसायचा. भावानं फुटलेली घागर पाहिली. दुसऱ्या दिवशी कापसाच्या गठाणी वाहणारी चार पोरं काठ्या घेऊन त्याच्यासोबत आडावर उभी राहिली. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पाणी शेंदलं.

वस्तीनं पोरांना डोक्यावर घेतलं. भाकरीतली पहिली चतकोर त्यांची. कुणाच्या पोरीला कुणी छेडलं, बोलवा पोरांना. चाराची बारा झाली. मीही भावाचं नाव सांगत मिरवायची. खोटं कशाला बोलू? टोळी काही आभाळातून पडली नाही, ती आमच्याच चुलीवर पोसली.

जिनिंगचा मालक शेठ हुशार. तो भांडला नाही. त्यानं भावाला बोलावून पटका बांधला आणि म्हणाला, आड आता तुम्हीच राखा. मग जी बाई कामावर मुकादमाला उलटून बोलेल तिचं पाणी बंद होऊ लागलं. आम्हाला सगळं कळत होतं. आमच्या घागरी भरत होत्या, म्हणून आम्ही गप्प बसलो. हे सांगताना आजही तोंड कडू होतं.

पुढं कुरुंद्याकडून एक मांगाची बाई कामाला आली. कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू. भावानं तिच्यापुढं काठी आडवी धरली.

"आधी जोहार घाल."

ती मुकाट्यानं वाकली. वाकायची सवय होती तिला, आमच्यासारखीच. आणि माझा भाऊ हसला. ते हसू मी पाटलांच्या तोंडावर पाहिलं होतं.

मी तिला दंडाला धरून सरळ उभं केलं आणि पोहरा आडात सोडला.

"सरक बाई. लोकं बघून राहिले," भाऊ मला म्हणाला. "माझी इज्जत जाईल."

"या जोहारानं बापाचं कंबरडं मोडलं," मी म्हणाले. "अन् तू तोच मागून राहिला. काहून रे?"

काठी माझ्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडलं. पोहरा दोरासकट आत गेला. बाकीच्या बाया खाली बघत उभ्या राहिल्या. मी रडले, पण माराचं नाही. मारणारं माणूस माझ्या हातचं खाऊन मोठं झालं होतं, त्याचं रडले.

हाताला पाला बांधताना ठरवलं. पाणी अडवणारा मुनीम असो की माझ्या आईच्या पोटचा, मी मागं सरणार नाही. सकाळी डाव्या हातात घागर घेतली, त्या बाईला हाक मारली आणि दोघी आडावर गेलो. तो उभा होताच. मी त्याला म्हणाले, "हा हात अजून धड हाय. मोडायचा तर मोड. आमी पानी भरूनच जानार."