एप्रिलचा सौदा

माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. ग्रॅनाइटच्या धंद्यात माणसाच्या उंचीच्या लाद्या उचलल्या, त्यात हात कधी मोडला नाही. तो मोडला वेस्ट विंडसरला, माझ्या मेहुण्यांच्या दारात, विटांच्या खांबावर. पहिला ठोसा त्यांच्या तोंडावर बसला. दुसऱ्याला ते वाकले आणि मागे खांब होता. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, निवृत्त डॉक्टर. हातात पाण्याचा पाइप घेऊन टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत होते. आमच्या ओळखीतली माणसं एवढंच सांगतात की मी म्हाताऱ्याला मारलं. कशासाठी मारलं ते कुणी सांगत नाही, म्हणून मीच लिहितो.

सुरुवात बायकोच्या डोळ्यांपासून आहे. तिची नजर कडेने विझत चालली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, आणि समोरचा तो गोलही दरवर्षी लहान होतो. डोळ्यांच्या तज्ज्ञाने दोन वर्षं म्हटलं, फार तर तीन.  परत येताना ती गाडीत म्हणाली की आफ्रिकेत ती नदी आहे ना, जिच्यात हजारो जनावरं एकदम उड्या टाकतात आणि खाली मगरी वाट बघत असतात, ती मला बघायची आहे. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे एवढं मोठं काही मागितलं नव्हतं. मी नेतो म्हटलं. जमलं नाही तर पुढच्या वर्षी, असं म्हणायची सोय नव्हती. जे बघायचं ते एकदाच आणि लवकर.

मी मूळचा चंद्रपूरचा, ताडोबाच्या बाजूला वाढलेला. जंगल कधी बघावं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी समजत होतो. एप्रिल-मे. अंगाची लाही होते, गवत करपलेलं असतं, पाणवठे आटलेले असतात, आणि जे एक डबकं उरतं तिथे वाघाला यावंच लागतं. पाऊस लागला की जुलैत फाटक बंद, ते ऑक्टोबरात उघडतं. हा हिशोब माझ्या हाडात बसलेला.

सफारी विकणारा माणूस नैरोबीत वाढलेला गुजराती होता. लाँड्री आणि पिझ्झाच्या दुकानाच्या मध्ये त्याचं एका खोलीचं ऑफिस. जानेवारी होता, बाहेर वितळावा म्हणून मीठ टाकलेला काळा बर्फ. नदी बघायची म्हटल्यावर त्याने लगेच ऑगस्ट सांगितला, आणि ऑगस्टचा भाव सगळ्यात वरचा. मला हसू आलं. पावसाळ्यात जंगलात कोण जातं? तो म्हणाला की साहेब, तिकडचा पाऊस एप्रिलमध्ये असतो, जुलैपासून कोरडं असतं. एप्रिलमध्ये गवत डोक्याएवढं होतं, सगळीकडे पाणी असल्यामुळे जनावर पाण्याला यायची गरज नसते, रस्ते चिखलात जातात, निम्मे कॅम्प बंद असतात. आणि मुख्य म्हणजे तुम्हाला हवी ती जनावरं तेव्हा त्या नदीवर नसतातच, खूप दक्षिणेला असतात.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी इथे सॉफ्टवेअरसाठी आलो होतो. नोकरी गेली, ग्रीन कार्ड तेवढं हातात होतं, आणि मग लोकांच्या स्वयंपाकघरात ओट्याचे दगड बसवत बसवत स्वतःचं दगडांचं यार्ड उभं केलं. गिऱ्हाइकाने स्वस्त लादीवर बोट ठेवलं की मीच पुढे होतो. ही घेऊ नका साहेब, हिच्यावर डाग पडतात. पडत नाहीत. पण त्या एका वाक्यावर पलीकडची महाग लादी जाते. त्या गुजराती माणसाचं प्रत्येक वाक्य मी असंच ऐकलं. तो खरं बोलत असेल हे माझ्या मनातही आलं नाही, कारण त्याच्या जागी मी खरं बोललो नसतो.

तीन आठवडे मी त्याला सोलून काढला. टेबलावर मुठी आपटल्या, दोनदा उठून गाडी सुरू केली, दोन्ही वेळा तो बर्फात चपलांनिशी मागे आला. तिसऱ्यांदा आला नाही, तेव्हा मीच परत आत गेलो. शेवटी त्याने हात टेकले आणि एप्रिलचा असा भाव दिला की पार्किंगमध्ये येऊन मी गाडीच्या टपावर थाप मारली. त्याने माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती, हवामानाची कल्पना दिली आहे, अशी. मी न वाचता केली.

त्या रविवारी मेहुणे जेवायला होते. मी सगळं सांगितलं, कसा उठलो, कसा परत बसलो, कसा त्याचा चेहरा उतरला. मेहुण्यांचा घास हातात थांबला. ते फक्त म्हणाले, "एप्रिल का? बरं." आणि बहिणीकडे ताक मागितलं.

ते इतकं कमी का बोलले याला कारण होतं, आणि ते माझ्याच घराच्या भिंतीवर होतं. यार्डसाठी ओढ्याकाठची जागा घेतली तेव्हा याच टेबलावर ते म्हणाले होते की जावईबापू, त्या ओढ्याचा रंग चांगला नाही, मोठं वादळ आलं तर तुमचे दगड पोहायला लागतील. सगळे हसले. मी आमटीचं काचेचं भांडं उचलून भिंतीवर फोडलं. भिंतीला दोनदा रंग दिला तरी तो डाग वर येतो. पुढे वादळ आलं, यार्डात कमरेएवढं पाणी शिरलं, कटर आणि पंप सगळे गेले. मेहुणे एक शब्द बोलले नाहीत. ते त्यांचं न बोलणं मला त्या पाण्यापेक्षा जास्त झोंबलं. तेव्हापासून त्यांनी मला कशाबद्दलच काही सांगणं सोडलं होतं.

एप्रिलच्या शेवटी आम्ही गेलो. पहिल्या दुपारी आकाश काळं झालं आणि पाऊस असा कोसळला की गाडीच्या टपावर कुणी खडी ओततंय असं वाटलं. तिथली माती काळी, चिकट, आमच्याकडच्या रेगडीसारखीच. ती भिजली की काय होतं हे मला लहानपणापासून माहीत, आणि तरी तिसऱ्या वेळी गाडी रुतली तेव्हा मी ड्रायव्हरची कॉलर धरली. तो माझ्याहून हातभर उंच. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि पुन्हा फावडं उचललं. बायको आत बसून समोर बघत राहिली.

नदी फुगली होती. तांबडं पाणी झाडं उपटून नेत होतं. फुगलेली मेलेली म्हैस चार पाय वर करून गरगरत आली, खडकावर आदळली, फुटली आणि गेली. उडी टाकणारं एकही जनावर दोन्ही काठांवर नव्हतं. बायको मान इकडून तिकडे फिरवत होती, कारण तसं केल्याशिवाय तिला काठ पूर्ण दिसत नाहीत. मग म्हणाली की छान आहे.

चौथ्या दिवशी गाडीपासून दहा पावलांवर गवतात सिंहांनी काहीतरी धरलं. झेब्रा असावा. गवत टपाच्या बरोबरीला. ते हललं, दबलं, आतून किंचाळी आली, मग काहीतरी ओलं फाटल्याचा आवाज, हाडाचा आवाज, एकमेकांवर गुरगुरणं. हे सगळं चाललं होतं आणि डोळ्यांसमोर फक्त हिरवं.

तिने माझा दंड धरला. "तुम्हाला दिसतंय का?"

"नाही."

"मग बरं. मला वाटलं, मलाच दिसत नाहीये."

परतीच्या विमानात मी त्या गुजराती माणसाला कशा शिव्या द्यायच्या ते घोकत आलो. यार्डवरून फोन लावला, तर त्याने शांतपणे मला माझी सही वाचून दाखवली. मी फोन फरशीवर आपटला.

जूनमध्ये मी बायकोच्या कपाटात तिच्या डोळ्यांच्या थेंबांचं प्रिस्क्रिप्शन शोधत होतो. खणात एक कागद सापडला. तिला आता फिकट अक्षर वाचता येत नाही, म्हणून ती जाड काळ्या मार्करने लिहिते. वर लिहिलं होतं, जानेवारी, दादाचा फोन. खाली, एप्रिल-मे मोठा पाऊस, नदीवर काही नाही. जुलै ते ऑक्टोबर नदी. शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा.

मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्यापाशी उभी होती. हा ओटा मी स्वतः कापून बसवलेला. मी विचारलं. तिने लपवालपवी केली नाही. म्हणाली की तुम्ही त्या रविवारी आनंदात होतात, नंतर दादाने मला फोन करून सगळं सांगितलं, आणि मीच त्याला म्हटलं की यांच्याकडे विषय काढू नकोस.

"का? तुझी नदी होती ना?"

ती म्हणाली, "भांडी फुटली असती. मला आता फरशीवरच्या काचा दिसत नाहीत हो."

 मी गाडी काढली आणि सगळे लाल दिवे तोडत मेहुण्यांकडे गेलो. माझ्या डोक्यात एकच होतं, या माणसाला माहीत होतं आणि याने ताक मागितलं. बाकीचं सुरुवातीला सांगितलंच आहे. पाइप हातातून सुटून सापासारखा उडत होता, आम्ही दोघे भिजलो होतो, त्यांच्या ओठातून रक्त हनुवटीवर आणि शर्टावर येत होतं. मी ओरडत होतो की मला का नाही सांगितलं, आणि माझा हात खांबावर मोडला होता हे मला कळलंही नव्हतं.

ते पायरीवर बसले. बोटाने दात हलतो का बघितला. म्हणाले, "जावईबापू, सांगितलं असतं तर हाच मार जानेवारीत खाल्ला असता. थंडीत जास्त लागतं."

मी त्यांच्यावर पुन्हा धावलो असतो, पण हात वर जाईना. शेजारणीने पोलिसांना फोन केला होता. मेहुण्यांनी पोलिसाला सांगितलं की पाइपमध्ये पाय अडकून पडलो, आणि हे मला धरायला आले. पोलिसाने माझा हात बघितला, खांब बघितला, आणि दोनदा तोच प्रश्न विचारला. मेहुण्यांनी दोनदा तेच उत्तर दिलं. मग माझी बोटं जागेवर बसवायला मला इस्पितळात त्यांनीच नेलं, फुटलेल्या ओठावर रुमाल धरून, एका हाताने गाडी चालवत. 

माझा हात प्लास्टरमध्ये असताना बायकोने त्या गुजराती माणसाला स्वतः फोन केला. ऑगस्ट. भाव त्याने सांगितला तोच, घासाघीस नाही. दोन जागा घेतल्या आणि मला सांगितलं की मी आणि दादा जातो आहोत. मी म्हटलं की प्लास्टर तोवर निघेल. ती म्हणाली, "मला तिथे फक्त बघायचंय. कुणावर कधी भडकाल, याकडे कान लावून बसायचं नाहीये." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काही करता आलं असतं.

विमानतळावर मी त्यांना सोडलं. मेहुण्यांनी दोन्ही बॅगा उचलल्या. ओठावर टाक्याची रेघ होती.

मला कुणी विचारलं तर मी आजही हेच सांगतो की माझ्यावर अन्याय झाला. दोन माणसांना माहीत होतं, आणि दोघांनी मला मुद्दाम त्या चिखलात जाऊ दिलं. मी काहीतरी फोडलं असतं, हे खरं. एक भांडं गेलं असतं, फार तर दोन. ती झाडून काढता आली असती. तिची नदी गेली नसती.

नदी गेली नाही, हेही खरं. ऑगस्टच्या मध्यावर यार्डात होतो. दुपारचं वादळ येत होतं, वारा लाद्यांवरची प्लास्टिकं फाडत होता, माणसं क्रेनचा पट्टा आवळत होती. फोनवर तिचा व्हॉइस मेसेज आला. मी ऑफिसच्या शेडमध्ये शिरून दार लावलं. आधी नुसता वारा होता. मग खुरांचा आवाज, दगड गडगडत यावेत तसा, आणि पाणी फाटल्याचा. कुणीतरी परदेशी बाई रडत होती. एका जनावराचं हंबरणं मध्येच तुटलं, जसं कुणी तोंड दाबावं. माझी बायको मोठ्याने श्वास घेत होती.

आणि तिच्या अगदी कानाशी तो म्हातारा, हळू आवाजात, घाई न करता सांगत होता, "डावीकडे बघ. अजून डावीकडे. मगर आली. आता खाली. हां, तिथेच नजर धर."

बाहेर पत्र्यावर गारा पडायला लागल्या आणि पुढचं ऐकू येईना. मी फोन कानाला दाबून धरायला गेलो, पण बोटं मिटेनात, म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि तो मेसेज पहिल्यापासून लावला.