आईचं हिरवं लुगडं आणि भास्कर पास्टर

माझ्या आईला पुरलं तेव्हा तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. ते भास्कर पास्टरांमुळे.

आज पहाटे पास्टर गेले. नव्वदी ओलांडलेला माणूस, तरी फोन आला आणि मला आधी ते लुगडंच आठवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सहावीत होते.

आई कुहीकडची, शेतकऱ्याच्या घरची. बाप्तिस्मा घेऊन तिने माझ्या ख्रिस्ती बाबांशी लग्न केलं आणि माहेर तुटलं. येणंजाणं सोडा, साधं पोस्टकार्ड नाही.

ती गेली तेव्हा बाबांनी तरीही कुहीला निरोप धाडला.

नागपुरात लकडगंजजवळच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये आईला पांढरी साडी नेसवून पेटीत ठेवलं होतं. तेवढ्यात गेटवर एक माणूस येऊन उभा राहिला. धोतर, धुळीने भरलेल्या वहाणा, काखेत कागदात बांधलेलं लुगडं.

आईचा मोठा भाऊ.

"मी अंदर नाही येत," तो म्हणाला. "सवाष्ण गेली का शेवटचं लुगडं माहेरचं असते. हे तेवढं तिच्या अंगावर टाका."

बाबा नुसते रडत होते. चर्च कमिटीतले एक काका मात्र अडवायला तयारच होते.

"पास्टर साहेब, हे हिंदूची रीत हाये. आज लुगडं, उद्या कुंकू म्हनतीन."

"प्रभूले कोनत्या रीतीनं ठेवलं होतं गा कबरीत?" पास्टरांनी विचारलं.

उत्तरही त्यांनीच दिलं.

"त्याच्या लोकाईच्या रीतीनं. अन् अंगावरचं कापड एका मानसानं मायेनं आनलं होतं. मंग आपन काहून अडवाचं?"

पुढे मी 'सुवार्ता आणि स्थानिक संस्कृती' असल्या विषयांवरचे पुष्कळ सेमिनार ऐकले. खरं सांगते, निम्म्यात डुलकी लागली. मला जे कळायचं ते त्या दुपारीच कळलं होतं.

पास्टर स्वतः गेटपर्यंत गेले. मामाचा हात धरला.

"हे काम भावाचं हाय. चाला."

मामाने लुगडं उलगडलं आणि आईला गळ्यापर्यंत पांघरलं, झोपलेल्या लेकराला पांघरतात तसं.

"मले याले उशीर झाला वं, सुमे."

एवढंच बोलला आणि पेटीला धरून हमसून रडला.

दफन झाल्यावर पास्टरांनी मला पुढे केलं. "हे सुमीची पोरगी."

मामाने डोक्यावर हात ठेवला. "सुट्टीत येशीन ना मामाच्या घरी?"

तोवर मला मामा आहे हेच ठाऊक नव्हतं.

गेले मी त्या उन्हाळ्यात. आणि पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात.

पास्टर साहेब, आई गेली त्याच दिवशी तुम्ही मला तिचं माहेर दिलंत.

कुहीहून मामाची मुलं निघालीत, तुम्हाला माती द्यायला.

आम्हा सगळ्यांचा शेवटचा सलाम.