काकाजींचं जिरं

ईरा, निहार, "हात इकडे करा" असं एखाद्या दुकानदाराने म्हटलं तर तिकडे तुम्ही चटकन मागे सराल. आमच्या अकोल्याच्या जठारपेठेत कोणी मागे सरत नसे. काकाजींनी म्हटलं की हात आपोआप काउंटरवर जायचा. ते बरणीतून जिऱ्याची चिमूट काढत, आधी स्वतःच्या तळव्यावर अंगठ्याने चोळत, डोळे मिटून वास घेत, आणि त्यांची मान हलली तरच दुसरी चिमूट आपल्या हातावर पडे. "घ्या वास. मंग बोला."

तुम्ही दोघंही त्या दुकानात माझ्याबरोबर गेला आहात, पण तेव्हा तुमचं लक्ष गोळ्यांच्या बरणीकडे होतं. काकाजी या चैत्रात गेले. या वयात मला गेलेली माणसं एकमेकांत मिसळून आठवू लागली आहेत. एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर, एकीचं बोलणं दुसरीच्या तोंडी. यांच्याबाबत तसं होऊ नये, म्हणून तुम्हा नातवंडांना लिहायला बसले आहे. नाव लिहीत नाही. सगळी पेठ त्यांना काकाजीच म्हणायची.

दुकान कोपऱ्यावरचं, लहान. साखर, तूरडाळ, साबण, उदबत्ती, सगळं मिळायचं, पण त्या वस्तूंविषयी काकाजींना मत नव्हतं. मत होतं ते जिऱ्याविषयी. आपल्या काळ्या मातीत कापूस होतो, सोयाबीन होतं, तूर होते. जिरं होत नाही. ते गुजरातेतून, राजस्थानातून येतं. होळी झाली की नवं पीक बाजारात उतरायचं आणि दलाल कागदाच्या पुड्यांतून नमुने घेऊन यायचा. काकाजी ते सकाळी, चहाच्या आधी पाहत. चहानंतर नाक आळशी होतं, असं त्यांचं म्हणणं. एकेक पुडी उघडून ते निकाल देत.

"हे म्हातारं हाय. मागच्या सालचं."

"काकाजी, नवं आहे. शपथ घेतो."

"तुही शपथ बी मागच्याच सालची हाय."

एकदा घाईत असलेले एक बँकेतले गृहस्थ म्हणाले, "वास-बीस राहू द्या, पावशेर बांधा." काकाजींनी बरणीचं झाकण लावलं. "मंग समोरच्या दुकानातून पाकीट घेऊन जा ना भाऊ. त्याले वास घ्या लागत नाही." ते गृहस्थ चिडून गेले आणि आठवड्याने मुकाट्याने हात पुढे करून उभे राहिले.

औषध म्हणूनही काकाजींचा जिऱ्यावर फार भरवसा. पोट दुखतं, जिरं. जेवण जात नाही, जिरं. बाळंतिणीला दूध कमी, जिरं आणि गूळ. परीक्षेच्या भीतीवरही त्यांनी माझ्या एका विद्यार्थिनीला जिऱ्याचं पाणी सांगितलं होतं. ईरा, तू तान्ही असताना पोट धरून रडायचीस, तेव्हा तुझ्या आईला त्यांनी इतकी लांब कृती सांगितली की ती संपेपर्यंत तू झोपलीस. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर त्यांना म्हणायचे, "काकाजी, मलाही जगू द्या."

"जगा ना बावा. तुमच्या गोळीनं पोटात आग पडली का तो पेशंट माह्याकडेच येते. आपलं दोघायचं चालते."

जिऱ्याने सगळं बरं होतं असं मी लिहिणार नाही, तुम्ही ते खरं धराल. पण उन्हाळ्यात, अकोल्याचं ऊन तापलेलं असताना, भाजलेलं जिरं चुरडून टाकलेलं ताक प्यायलं की माणूस पुन्हा बोलण्याजोगा होतो, एवढं मी स्वतःच्या अनुभवावर सांगते.

साथीच्या दुसऱ्या लाटेत काकाजी आजारी पडले आणि बरे होऊन परत दुकानात बसले. थोडे वाळले होते, बाकी तेच. पण माझ्या नजरेला काहीतरी खटकत होतं, आणि ते काय हे कळायला मला काही आठवडे लागले. पूर्वी ते आधी स्वतः वास घेत आणि मग आपल्याला देत. आता ते आधी आपल्या हातावर जिरं टाकत आणि आपल्या चेहऱ्याकडे पाहत. मी जन्मभर परीक्षागृहात पहारा केला आहे. शेजारच्याच्या पेपरकडे पाहणाऱ्या मुलाची नजर मला दुरून ओळखता येते.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी विचारलं, "काकाजी, तुम्हाला वास येत नाही का?"

त्यांनी आधी आतल्या दाराकडे पाहिलं. आत त्यांची सून स्वयंपाक करत होती. "हळू बोला, मॅडम."

"केव्हापासून?"

"तापात गेला. डॉक्टर म्हनते, येईन. अजून तं येऊन नाही राह्यला."

"घरी सांगितलंत?"

"कोनाले सांगू? पोरगा तं म्हनूनच राह्यला का दुकान बंद करा, जागा मोबाइलवाल्याले भाड्यानं द्या. मी त्याले म्हनतो, साखर कुठंबी भेटते, पन जिऱ्यासाठी लोक माह्याकडे येते. माह्या नाकावर चालून राह्यलं हे दुकान. नाक गेलं म्हनून सांगतलं तं उद्याच शटर पडन." मग बरणीचं झाकण लावत म्हणाले, "आन् शटर पडल्यावर मी काय करू दिवसभर?"

त्या दिवसापासून नमुने आले की मी सकाळी दुकानात जाऊ लागले. मलाच का बोलावलं, हेही त्यांनी सांगून टाकलं. "बाकीचे समदे छान म्हनते. तुमी मास्तरीन हाय. तुमाले छान म्हनाची सवय नाही."

सुरुवातीला मी गुण द्यायचे. याला दहापैकी सहा, याला चार. त्यांना ते आवडेना. "मार्कं नका सांगू. कसं हाय ते सांगा." मग मी शब्द शोधू लागले. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला मराठीतून जिऱ्याचा वास सांगायचा, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. हा ओल्या पोत्यासारखा आहे. हा आधी येत नाही आणि मग एकदम टाळूला लागतो. ह्याच्यात उन्हात तापलेल्या पत्र्यासारखं काहीतरी आहे. काकाजी डोळे मिटून ऐकत. "वल्लं पोतं? मंग हे दमट भरलं हाय, ठेवू नका." "टाळूले लागते? हे घ्या." निर्णय त्यांचाच असे, आणि तो बहुधा बरोबर असे.

एकदा मी बराच वेळ एका नमुन्याविषयी बोलत होते. थांबले तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "तुमी सांगता तवा मले येते थोडासा."

पुढे जिरं फार महाग झालं त्या वर्षी अमरावतीला माझ्या थोरल्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं. तिला उचलून बसवायला घरात कोणी नव्हतं, म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले. अमरावती काही लांब नाही, पण आजाऱ्याच्या घरातून पाय निघत नाही. पावसाळा बहुतेक तिथेच गेला. काकाजींनी दोनदा फोन केला, बहिणीची चौकशी केली, जिऱ्याचा शब्द काढला नाही. माझ्यावर ओझं नको म्हणून.

त्याच दिवसांत दलालाने एक माल आणला. भाव बाकीच्यांपेक्षा बरा. दाणा लांब, स्वच्छ, रंग उत्तम. काकाजींनी नमुना ठेवून घेतला आणि दोन दिवस येईल त्याच्या हातावर चिमूट टाकली. आणि आमच्या पेठेने, ईरा, आमच्या सुस्वभावी, भल्या पेठेने एकमुखाने सांगितलं, "छान आहे, काकाजी."

लोक खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांत ते वास घेणं म्हणजे देवळात तीर्थ घेण्यासारखं झालं होतं. हात पुढे करायचा, नाकाशी न्यायचा, मान हलवायची. तीर्थ कसं होतं हे कोणी पुजाऱ्याला सांगतं का? काकाजींचं जिरं छानच असायचं, म्हणून ते छान होतं. काकाजींनी पोतं घेतलं.

ते तेल काढून घेतलेलं जिरं होतं. अर्क काढल्यावर उरलेला दाणा वाळवून त्यात थोडं चांगलं जिरं मिसळतात. दिसायला काहीही फरक नाही. वासही अगदीच नाही असं नाही, पण तो अत्तराच्या रिकाम्या बाटलीसारखा असतो.

गणपतीच्या महाप्रसादासाठी मी त्याच दिवशी दुपारच्या गाडीने अकोल्याला आले आणि सामान घरी टाकून तशीच मंडपात गेले. काकाजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. दरवर्षी मठ्ठ्याचं जिरं त्यांच्याकडून, हा त्यांचा मान. मठ्ठा करणारा आचारी बाहेरगावचा होता. त्याला काकाजी माहीत नव्हते. तो मोठ्याने म्हणाला, "हे जिरं कोन्या दुकानातलं हाय? मुठी मुठी टाकून राह्यलो, मठ्ठ्याले पत्ताच नाही."

सगळे एकदम त्याच्यावर धावले. कोणी त्याला गप्प केलं, कोणी पेला तोंडाला लावून म्हणालं, "काही नाही, छान आहे, काकाजी." पलीकडच्या बाई म्हणाल्या, "छान आहे." डॉक्टरही म्हणाले, "छान आहे."

काकाजी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला वाटतं, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं.

त्यांची सून दर्यापूरची. तिकडच्या मुली सरळ बोलतात. ती वाढता वाढता थांबली, आचाऱ्याच्या ताटलीतून चिमूट उचलली, चावली आणि म्हणाली, "मामाजी, याले वास नाही. तुमी कसं घेतलं हे?"

"मले येत नाही, बाई," काकाजी म्हणाले. "दोन वर्सं झाले. मले कायचाच वास येत नाही."

मंडपात भोंगा चालू होता, त्यामुळे मागच्यांना काही कळलं नाही. पुढच्यांना कळलं आणि ते जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी काकाजी पिशवी घेऊन घरोघर फिरले. दिलेलं जिरं परत मागत होते. आणि इथेच माणसांनी त्यांना सगळ्यात जास्त दुखावलं, प्रेमानेच. "राहू द्या काकाजी, चालतं आम्हाला." "संपलंसुद्धा, छान होतं." माझ्या दारी आले तेव्हा पिशवी जवळजवळ रिकामी होती. मी खुर्ची दिली. ते म्हणाले, "दलालाचा राग नाही, मॅडम. फसवनं त्याचं कामच हाय. आपल्या मानसायनं मान देल्ला, अन् त्याच्यातच मी बुडलो."

मी म्हटलं, "मी इथे असते तर..."

"तुमी तरी किती दिवस असान?"

त्यानंतर ते काउंटरवर बसले नाहीत. मुलाने जागा भाड्याने देण्याचं पुन्हा काढलं, तेव्हा सून म्हणाली, "मले येते वास. मी बसतो." आपल्याकडे बायकाही 'बसतो' म्हणतात, हसू नका. ती बसली. काकाजी आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर. पुढच्या होळीनंतर नमुने आले तेव्हा मी एक पुडी घेऊन आत गेले आणि पूर्वीसारखं सांगायला लागले, हा सुरुवातीला गोडसर आहे, मग जरा कडू. त्यांनी हात वर केला. "राहू द्या आता, मॅडम. तिले सांगा." खिडकीतून रस्ता दिसत होता, ते तिकडे पाहत राहिले. मी पुडी मिटली. याहून वेगळं काही बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

ते गेले तेव्हा सगळी पेठ आली होती. तेराव्याला सुनेने पंगतीला मठ्ठा केला.

दुकान चालू आहे. यंदाचं नवं जिरं आलं आहे. काल सुनेने माझ्या हातावर चिमूट टाकली. मी तिला सांगितलं की मध्यम आहे, दोन महिन्यांत वास उतरेल. तिने ते पोतं परत पाठवलं.