खाडीच्या भरावावरचं तळं

मी खाडीच्या भरावावर तळं खणलं आणि कुणालाही विचारलं नाही.

घणसोलीतल्या आमच्या रो हाउसच्या मागे दोन चटयांएवढी बाग आहे. तिथे कमळं फुलवायची असं मी ठरवलं. दोन महिने नुसते नकाशे काढले. तळ्याचा आकार काजूसारखा की पेरूसारखा, यावर मी इतका विचार केला की बायको म्हणाली, "अहो, तेवढ्या वेळात कढीपत्त्याला आळं तरी केलं असतं."

खणताना कुदळ एकदा कशावर तरी ठण्णकन आपटली. वाकून बघायचं सोडून मी त्यावर माती लोटली, वाळू पसरली आणि जाड प्लास्टिक अंथरलं. पाणी वाया जायला नको म्हणून तळं अर्धंच भरलं. कमळाच्या दोन कुंड्या ठेवल्या, गप्पी मासे सोडले आणि तीन दिवस खुर्ची टाकून मालकासारखा बसलो.

चौथ्या दिवशी सकाळी प्लास्टिक मधोमध पुरीसारखं टम्म फुगलेलं. कुंड्या आडव्या, मासे कडेला. मी अनवाणी त्यावर चढलो, तर माझ्या पायाखाली ते बसलं आणि भिंतीकडे फुगलं. तेवढ्यात आतून बायकोची हाक आली, "अहो, नळाला धारच नाहीये! नुसतं ठिबकतंय."

ते ठण्ण माझ्या कानात पुन्हा वाजलं. आमच्या सगळ्या ओळीची पाण्याची लाइन घरांच्या मागूनच जाते. मी ती फोडली होती. आणि शेजारी दुसऱ्या दिवशी हळद होती! शेजारच्या काकी इथल्या मूळ गावातल्या. नातीच्या हळदीला अख्खं गाव जेवायला येणार होतं. ऐन हळदीत नळ कोरडे पडले असते, तर त्यांनी आधी मलाच हळद लावली असती, मग उखळात घातलं असतं.

हळद उरकेपर्यंत गप्प बसावं, असा माझा शूर बेत होता. बायको म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मी गेलो. काकींनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि बागेत आल्या. खड्ड्याच्या कडेचं प्लास्टिक उचललं, खालच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"चाख," त्या म्हणाल्या.

"काकी, पण ते माती..."

"चाख सांगते ना!"

चाखलं. "खारट आहे."

"मंग? खाडीत खड्डा खनलास, तर उसाचा रस येल?"

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, हे त्या कधी विसरत नाहीत.

"आज पुनव हाय, बाला. उधानाचं पानी भरावाखालून वर येतं. नलाचं पानी खारं असतंय का?" त्यांच्या वडिलांचं याच भागात मिठागर होतं. आपण आंबा दाबून बघतो, तसं त्या पाणी चाखून बघतात.

"मग नळाला धार का नाही?"

"सकालपास्नं आमी पिंपं भरतोय ना हलदीसाठी! सात भरली, तीन बाकी हायत."

मी मटकन बसलो तो नेमका त्या पुरीवर. प्लास्टिकनं फुस्स करून सगळं पाणी माझ्या लेंग्यात सोडलं. इतक्या आनंदानं मी कधी भिजलो नव्हतो. हळदीच्या दिवशी मी हातात पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरत होतो. पाहुणे नको नको म्हणत होते, तरी वाढत होतो. ठण्ण वाजलेलं काय होतं, तेही नंतर उकरून बघितलं: भरावातली फुटकी लादी.

खड्डा बुजवला. काकींच्या सल्ल्यानं जमिनीवरच गुडघाभर उंच ब्लॉकच्या भिंती उभारल्या आणि तेच प्लास्टिक आत बसवलं. या वेळी काठोकाठ भरलं. आता रविवारी मी चहाच्या जुन्या गाळणीनं पानं काढतो, दोन बादल्या पाणी कढीपत्त्याला घालतो आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या दोन बादल्या आत ओततो. गप्पी मासे डासांची अंडीपिल्लं शिल्लक ठेवत नाहीत. एक कमळही आलं.

लग्नघर निवल्यावर काकी बघायला आल्या. मी सगळं कौतुकानं सांगितलं. त्यांनी एक चक्कर मारली, भिंतीवर बोटानं टकटक केलं.

"गुरांचा हौद बरा बांधलास. आता बैल आनायची गरज नाय, तू हाइसच."