दर दहा मिनिटांनी "आहे"

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा. जिन्यालगतच्या खोलीत बसून ती एका हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळायची. पेशंटचे सगळे रिपोर्ट त्यावर. सर्व्हरचं काही बिनसलं की टीमच्या ग्रुपवर आपोआप मेसेज यावा, ही सोय तिनेच हौसेने केली होती. त्यामुळे मेसेज उठसूट येत. डिस्क जरा भरली, मेसेज. मशीन जरा तापलं, मेसेज.

"ताई, हा सर्व्हर आहे की माझी सासू?" साहेब वैतागले. "दिवसभर कुरकुर!"

मग तिने फक्त गंभीर तेवढंच कळवायचं असं लावून दिलं. ग्रुप शांत झाला.

मागे एकदा रिपोर्ट अडकले, तेव्हाच हॉस्पिटलने बजावलं होतं: पुन्हा अडकले, तर काम दुसऱ्या कंपनीला. म्हणजे ताईची खुर्चीही गेलीच.

मंगळवारी दुपारी ग्रुपवर चिटपाखरू नव्हतं. ती निवांत डबा खात असताना लॅबमधून फोन आला.

"अहो, तासभर एकही रिपोर्ट उघडत नाहीये. झोपलात काय?"

सर्व्हर बंद पडला होता. मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम तिने, जागा आहे म्हणून, त्याच सर्व्हरवर ठेवला होता. जो आडवा पडला त्यानेच ओरडायचं, अशी ही व्यवस्था. सर्व्हर सुरू करून ती थेट साहेबांकडे गेली.

"चूक माझी आहे."

साहेब हॉस्पिटलशी बराच वेळ बोलले. "आठवडा दिलाय," फोन ठेवत ते म्हणाले.

तिने प्रोग्रॅम टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर हलवला आणि रीतच उलटी केली. सर्व्हरने दर दहा मिनिटांनी या कॉम्प्युटरला "आहे" म्हणायचं. एकदा जरी चुकला, तर ग्रुपवर बोंब.

हॉस्टेलवरच्या लेकीलाही तिने सांगून पाहिलं, रोज एक मेसेज टाक.

"आई, मी काय सर्व्हर आहे? काही झालं तर कळवीनच ना."

"तेच तर नको," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी बोंब आली. चार मिनिटांत सर्व्हर उभा राहिला. लॅबला पत्ताही लागला नाही.

आठवडा संपला. "फोन आला नाही म्हणजे काम राहिलं आपल्याकडे," साहेब खुशीत म्हणाले.

ताईने तरी लॅबला फोन लावला.

"सगळं ठीक चाललंय. का हो?"

"काही नाही," ती म्हणाली, "विचारून ठेवलं."