साठ किलोची हवा

वडील रेल्वेत पार्सल क्लार्क होते. डहाणूहून बाहेरगावी जाणाऱ्या चिकूच्या करंड्या तोलण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली. वाडीवाला 'वीस किलो' म्हणाला की ते करंडीकडे एकदा बघायचे आणि 'तेवीस' म्हणायचे. काट्यावर तेवीसच भरायचे. अशा माणसाने गाडी घेऊ नये. निदान घरात लग्नाची मुलगी असताना तरी घेऊ नये.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी घेतली. जुनी, चिमुकली गाडी. चालवणं सोपं होतं, घोळ होता तो टायरमधल्या हवेचा. पंक्चरवाला म्हणे, "काका, चाळीस पौंड मारून देतो, एकदम मजबूत!" चाळीस मारले की रानशेतच्या रस्त्याला दातावर दात आपटत. शेजारचे चिकूवाले काका टायरला लाथ घालून "झ्याक आहे" असा निकाल देत. वडिलांनी मात्र गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. भार वाढला तर मागच्या चाकांत हवा वाढवावी, असं त्यात होतं. एवढं त्यांना पुरलं. त्यांनी पायपंप आणला, हवा मोजायचा गेज आणला, आणि कोण कुठे बसणार हे ठरल्याशिवाय गाडी अंगणातून हलेनाशी झाली. आत्याला एकदा त्यांनी पुढून मागे आणि मागून पुढे असं तीनदा बसवलं. तेव्हापासून आत्या रिक्षाने जाते.

अशात मला बघायला तलासरीहून मंडळी आली. मुलगा आणि त्याचे आईवडील. मुलाचे वडील शाळेत गणित शिकवायचे, सगळे त्यांना सर म्हणत. मुलगा मला आवडला, हे सांगूनच टाकते. मी केलेल्या पोह्यांत मीठ नव्हतं. त्याने काही न बोलता ते लोणचं लावून संपवले. आधीच्या दोन स्थळांनी 'कळवतो' म्हणून तोंड फिरवलं होतं, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. हे लग्न मात्र व्हावं, असं फार वाटत होतं.

परतीची एस.टी. आलीच नाही. वडिलांना तेच हवं होतं. "मी सोडतो ना!" म्हणत ते पंप घेऊन अंगणात उतरले. गेजवरचे आकडे त्यांना नीट दिसत नसत, म्हणून ते वाचायला मी कायम बरोबर असायचे. ते मागच्या टायरपाशी उकिडवे बसले, मुलाच्या आईकडे मान वर केली आणि पार्सल ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "ताई, आपलं वजन?"

माझ्या आईने कपाळावर हात मारला. कुंपणापलीकडे काकांच्या हातातली पाण्याची झारी थांबली.

"साठ," ताई म्हणाल्या. त्या चांगल्या भरल्या अंगाच्या होत्या.

वडिलांनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं. ते बघणं मला ठाऊक होतं. पण आकडा न दुरुस्त करता ते पंप मारू लागले. मी आकडा वाचला आणि मनात देवाला हात जोडले.

मागच्या सीटवर एका खिडकीशी मी, दुसऱ्या खिडकीशी मुलगा आणि मधे ताई. त्यामुळे अख्ख्या वाटेत मला मुलाचं नाकसुद्धा दिसलं नाही. रानशेत मागे पडलं तसं पुढे बसलेल्या सरांनी विचारलं, "तुम्ही ही हवा कुठल्या हिशेबाने भरता?"

हा प्रश्न आजवर वडिलांना कोणीच विचारला नव्हता. त्यांचा चेहरा खुलला. "मुलं दोन्ही सडपातळ आहेत. मधे साठ किलोचं माणूस बसलं तर मागे अठ्ठावीस पौंड. त्यावर दर दहा किलोला एक पौंड."

"म्हणजे आज अठ्ठावीस."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी मागून त्यांच्या सीटला गुडघा मारला.

"तीस," वडील म्हणाले. वजनाच्या बाबतीत त्यांची जीभ खोटं बोलायला वळतच नसे.

"म्हणजे ऐंशी!" वर्गात एखादं अडलेलं गणित सुटावं तसे सर ओरडले. "अहो, लग्न झाल्यापासून विचारतोय मी हिला!"

मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. चारोटी आली, गेली. हायवेवर ट्रक भोंगे वाजवत होते. तलासरीला ताई उतरल्या आणि 'आत या' न म्हणता घरात गेल्या.

येताना वडील म्हणाले, "भार उतरला, मागची हवा थोडी सोडायला हवी."

"सगळीच सोडा," मी म्हटलं, आणि डहाणूपर्यंत रडत आले.

पुढच्या रविवारी मुलगा एकटाच आला. वडिलांनी स्वतः खुर्ची पुढे केली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आईचा होकार आहे," तो म्हणाला. "ती म्हणाली, पोरीचं लग्न मोडायची वेळ आली तरी जो माणूस दोन पौंड हवा लपवत नाही, त्याने पोरीबद्दल सांगितलं ते सगळं खरंच असणार. पोरगी तापट आहे असं तुम्ही म्हणालात, तेही आम्ही खरं धरलंय."

हे वडिलांनी कधी सांगितलं होतं, कुणास ठाऊक. पण त्यांच्यावर डाफरायला मी वळले तर ते पंपाच्या फडक्याने डोळे पुसत होते आणि गालभर काळं माखलं होतं. त्या क्षणी मला त्यांच्याइतकं लाडकं दुसरं कोणी वाटलं नाही. मी पदराने त्यांचा गाल पुसला.

मुलगा जरा घुटमळला. "फक्त लग्नाला आई एस.टी.नेच येणार म्हणते."