पायाळू पोरीचा पाय

मी पायाळू जन्मले. म्हणजे आधी डोकं नाही, आधी पाय. यात माझं कर्तृत्व शून्य, त्रास झाला तो आईला. पण नागपुरातल्या आमच्या विणकर कोष्ट्यांच्या गल्लीत एक समजूत पक्की होती, की पायाळू माणसाच्या पायाला गुण असतो. कुणाची कंबर धरली, कुणाचा पाय मुरगळला, की पायाळू माणसानं सलग तीन सकाळी दुखऱ्या जागेवर उजवा पाय दाबायचा, तोही उपाशीपोटी. मी धड चालायला लागले तेव्हापासून ही नसती ब्याद माझ्या गळ्यात पडली. दात घासायच्या आधीच दारात कुणीतरी कण्हत बसलेलं असायचं. "ऊठ वं, पाय लाव लवकर, मले मागावर बसाचं आहे." शाळेला उशीर झाला तर बाईंना काय सांगायचं, शेजारच्या काकांच्या कमरेवर उभी होते म्हणून?

बरं, बहुतेकांना बरं वाटायचंही. साधी लचक तीन-चार दिवसांत उतरतेच, कुणी पाय लावो न लावो. पण नाव माझ्या पायाचं व्हायचं, आणि बाबांची मान ताठ व्हायची.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, मी सातवीत होते. शाळेतल्या बाईंनी प्रथमोपचार शिकवला. एका मुलीला टेबलावर बसवून तिच्या घोट्याला त्यांनी आठाच्या आकड्यासारखी पट्टी गुंडाळली. म्हणाल्या, पाय मुरगळला की चोळू नका, ओढू नका. गार पाण्याची घडी ठेवा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा, पहिले दोन दिवस शेक नको. आणि चार पावलंही टाकता येत नसतील, घोट्याच्या हाडावर बोट टेकवताच कळ येत असेल, तर नुसती लचक समजून बसू नका, हाड मोडलेलं असू शकतं. सरळ दवाखाना गाठा. मी घरी येऊन हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. बाबा हसून म्हणाले, "तुह्या बाई पायाळू आहेत काय?"

बाबा हातमागावर बसायचे. पाय खाली मागाच्या खड्ड्यात, पायानं एकेक फळी दाबायची, वर हातानं बाण्याच्या सुताचा धोटा फेकायचा. सकाळपासून असे बसलेले, की पायाला मुंग्या येणारच. उठण्याआधी घोटे जरा फिरवा, पाय झटका, मग खड्ड्यातून वर चढा, असं मी त्यांना कितीदा सांगितलं होतं. त्याच वर्षी एका दुपारी आईनं जेवायला हाक मारली. ते झटकन उठले, बधिर पाय काठावरून घसरला आणि घोटा अंगाखाली वाकडा दबला. आवाज झाला. चुलीपाशी बसलेल्या आईलाही तो ऐकू आला.

तासाभरात घोटा टम्म सुजला, संध्याकाळपर्यंत बोटांपर्यंत काळानिळा. मी म्हटलं, बाबा, चार पावलं टाका. एकही पडेना. हाडावर बोट टेकवलं तर त्यांनी पाय ओढून घेतला.

"बाबा, दवाखान्यात चला."

शेजारची काकू आंबेहळदीचा लेप घेऊन आली होती. ती म्हणाली, "घरात पायाळू पोरगी असून दवाखान्यात गेले तर गल्ली हासन ना गा."

बाबांना तेच लागलं. मागावर एका लग्नाचं लुगडं अर्धं विणलेलं, ते त्यांना पुरं करायचं होतं, हे खरं. पण त्याहून मोठी अडचण माझा पाय होता. "लोकायले तू बरं करतं, अन् बापालेच दवाखाना दाखवून राहिली काय? काहून वं?"

मी भांडले, रडले. तेरा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतो. तीन सकाळी मी पाय लावला. दुसऱ्या दिवशी माझ्या तळव्याखाली काहीतरी सरकलं. बाबांच्या वरच्या ओठावर घाम आला, पण या वेळी त्यांनी पाय ओढून घेतला नाही. हाड मोडलंय हे मला कळलं होतं आणि तरी मी तिसऱ्या दिवशीही पाय लावला. आजही माझा सगळ्यात जास्त राग त्या तिसऱ्या सकाळचा आहे, आणि तो काकूवर नाही, माझ्यावर आहे.

तीन आठवड्यांनी सूज उतरेना तेव्हा दवाखाना झाला. डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला. हाड मोडलेलं होतं, सरकून वाकडं जुळत आलं होतं. "हे चोळलं कुणी?" त्यांनी दरडावून विचारलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, "कोणी नाही जी. मीच."

त्या पायानं फळी पुन्हा नीट दाबली गेली नाही. त्यांच्या जागी मागावर माझा काका, बाबांचा भाऊ, बसू लागला. बाबा आईशेजारी बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरू लागले, जे काम आमच्याकडे बाया आणि पोरं करायची.

पुढच्याच महिन्यात एक बाई मुरगळल्या पायाची लेक घेऊन दारात. मी पाय लावायला साफ नकार दिला. पोरीला चार पावलं चालवून पाहिलं, चालली. मग गार पाण्यात घडी भिजवली, बांधायला पट्टी घेतली. बाईचं तोंड उतरलं. आतून बाबा लंगडत आले, पोरीच्या पायाखाली ठेवायला स्वतःची उशी घेऊन.

"घाबरू नको वं बाई," ते म्हणाले, "तिच्याच पायानं मी एवढा तरी चालून राहिलो."

ते खरंच तसं मानत होते, की माझ्यासाठी तसं बोलले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पट्टी चुकली, सोडून पुन्हा बांधावी लागली. बांधून झाल्यावर ती बाई म्हणाली, "मंग आता पाय लाव ना."